सात आसनी डिझेल एसयूव्ही, एकाच वेळी चार तक्रारी: तपासणी कुठून सुरू करावी?

पाना_बारा

नमस्कार मंडळी. चर्चेसाठी एक गाडी समोर ठेवतो. सात आसनी, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, गरज पडेल तेव्हा मागच्या चाकांना ताकद देणारी चारचाकी ओढ. मीटरवर साधारण १ लाख २० हजार किमी. तक्रारी अशा:

१. सकाळी सेल्फ जड घेते. सुरू झाल्यावर एबीएस, ट्रॅक्शन आणि स्टिअरिंगचा दिवा एकदम लागतो, थोडं चालल्यावर विझतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी सोय (स्टार्ट-स्टॉप) कित्येक दिवस चाललेलीच नाही.
२. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा दर २००-२५० किमीला लागतो.
३. डिकीचं बटण कधी चालतं, कधी नाही. मागचा वायपर बंद आहे. रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र लुकलुकतं.
४. बारीक खड्ड्यांवर पुढून टकटक येते. मोठ्या गतिरोधकावरून जाताना मात्र आवाज नाही.

यावर सुचवले गेलेले उपाय: नवी बॅटरी, डीपीएफ काढून धुणे, डिकीच्या लॉकची मोटर, पुढचे दोन्ही शॉकअप. चार तक्रारी, चार पार्ट, आणि मोजमाप एकाचंही नाही. मला हेच खटकतं. पार्ट बदलण्याआधी काय मोजावं, किती आकडा यावा आणि नाही आला तर पुढे कुठे बघावं, यावर जाणकारांनी लिहावं.

मल्टीमीटर

पहिल्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण व्होल्टेज नीट नसेल तर स्कॅनरवर दिसणाऱ्या बाकीच्या कोडवर विश्वासच ठेवता येत नाही. एबीएस, ट्रॅक्शन आणि स्टिअरिंग ही तीन वेगळी मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) एकाच सकाळी बिघडत नाहीत. त्यांच्यात सामाईक असतो तो वीजपुरवठा. सेल्फ मारताना व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की प्रत्येक मॉड्यूल आपापला दिवा लावून मोकळं होतं.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीवर मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएम (स्टार्ट-स्टॉप गाड्यांतल्या जास्त दमाच्या) बॅटरीत हे आकडे किंचित वर असतात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा येतो, वरवरचा चार्ज उतरायला काही तास द्यावे लागतात.

मग सेल्फ मारताना बॅटरीवर बघा. थंडी फार नसेल तर ९.६ च्या खाली जाऊ नये.

आता खरी परीक्षा, जी बहुतेक ठिकाणी करतच नाहीत. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्थिंगमध्ये किती व्होल्टेज वाया जातं ते यावरून कळतं, आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. तसंच पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा जाड बोल्ट: ०.५ च्या आत. प्रोब खुंटाच्या शिशावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. नाहीतर खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधला गंज मोजमापातून सुटतो.

निवांत_ड्रायव्हर

इतकं करण्यापेक्षा बॅटरी पाच वर्षं जुनी असेल तर सरळ बदलावी. तेवढा वेळ तरी वाचतो.

मल्टीमीटर

निवांत, बॅटरी जुनी असेल तर बदलावी लागेलही, त्याबद्दल वाद नाही. पण क्रम उलटा झाला की दोष झाकला जातो. अर्थिंग खराब असताना नवी बॅटरी टाकली तर तिच्या जोरावर महिना-दोन महिने गाडी बरी चालते, मग तीच बॅटरी अर्धवट चार्जवर राहून सल्फेट धरते. आणि स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत बॅटरी बदलणं म्हणजे नुसते दोन बोल्ट नव्हेत. मूळ बॅटरी ईएफबी (साध्या बॅटरीचा सुधारित प्रकार) असेल तर किमान ईएफबी, एजीएम असेल तर एजीएमच घाला. बऱ्याच गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्ज करत राहते.

तांब्याची_तार

मल्टीमीटर यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. एक भर. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा चौकोनी सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती करंट गेला, किती निघाला याचा हिशोब तो ठेवतो. बाहेरचा चार्जर लावताना निगेटिव्ह चिमटा खुंटाला न लावता बॉडीवर ठरवून दिलेल्या अर्थ-पॉइंटला लावा. खुंटाला लावला तर भरलेला करंट सेन्सरला दिसतच नाही. मग बॅटरी पूर्ण भरली तरी गाडीच्या लेखी ती उपाशीच, आणि स्टार्ट-स्टॉप बंदच राहतं.

अर्थिंगच्या पट्ट्या कुठे बघायच्या: बॅटरीखालून बॉडीला जाणारी एक, आणि बॉडीतून इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाणारी विणलेली एक. विणलेली पट्टी वरून ठीक दिसते, वाकवली की आतून हिरवा चुरा पडतो. बॉडीवरचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली असेल तर तिथे पाणी आणि ॲसिड दोन्ही मुरतं.

नवा_चालक

बॅटरी रात्रीतून उतरतेय असं वाटलं तर गळती कशी मोजायची? मीटरचा फ्यूज उडतो असं ऐकलंय.

तांब्याची_तार

उडतो, कारण मीटर मध्ये जोडलेला असताना कुणीतरी दार उघडतं किंवा इग्निशन चालू करतं. पद्धत अशी:

बॉनेट उघडं ठेवा, पण त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. ज्या दारातून फ्यूजबॉक्स गाठायचा आहे त्याचंही तसंच करा. गाडी लॉक करा, चावी दहा-पंधरा मीटर लांब ठेवा. आता अर्धा-पाऊण तास थांबा. एवढा वेळ काही मॉड्यूल जागीच असतात, घाईत मोजलं तर काही अँपिअर दिसतील आणि उगाच घाबराल.

जमलं तर डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह केबलभोवती लावा, काही सोडायची गरजच नाही. झोपलेल्या गाडीचा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. तेच ५०० असेल तर दिवसाला १२, म्हणजे ७० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी.

कुठल्या सर्किटमधून जातोय ते शोधायला फ्यूज उपटू नका, उपटला की मॉड्यूल जागं होतं. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यावर मिलिव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे त्यातून करंट नाही. आकडा आला की तेच सर्किट.

आणि पाना_बारा, तुमच्या तिसऱ्या तक्रारीचा इथे संबंध असू शकतो. डिकीच्या लॉकमधला मायक्रोस्विच ‘दार उघडं आहे’ असंच सांगत राहिला तर गाडी पूर्ण झोपतच नाही.

काजळी

डीपीएफवर लिहितो. धुण्याचा सल्ला फार लवकर दिला जातो. आधी हे समजून घ्या की तो भरतो का.

फिल्टरमध्ये दोन गोष्टी साठतात. काजळी, जी जळते. आणि राख, जी इंजिन ऑईलमधल्या घटकांपासून येते आणि कधीच जळत नाही. काजळी जाळायला फिल्टरमध्ये साधारण ६०० अंश सेल्सियस लागतात. त्यासाठी ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो आणि पंधरा-वीस मिनिटं सलग चालवणं मिळालं तर काम पूर्ण होतं. हे जाळणं, म्हणजे रीजन, चालू असताना आयडल (उभ्या गाडीतले इंजिनचे फेरे) थोडं वर जातं, रेडिएटरचा पंखा फिरतो, स्टार्ट-स्टॉप बंद राहतं. त्याच वेळी गाडी बंद केली की अर्धवट. दहा मिनिटांच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीचं हे रोजचंच.

पण गाडी लांब पल्ल्याला जाऊनही २०० किमीला दिवा लागत असेल तर सगळ्यात आधी कूलंटचं तापमान बघा. काट्यावर नको, स्कॅनरवर. बऱ्याच गाड्यांचा काटा ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत मधोमधच धरून ठेवलेला असतो. इंजिन दहा-पंधरा मिनिटांत ८५-९० ला पोचून तिथेच टिकायला हवं. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की ६५-७० ला उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन गरम झालेलं नाही असं ईसीयूला दिसलं की तो रीजन सुरूच करत नाही, किंवा मधेच सोडून देतो. थंड इंजिन काजळीही जास्त करतं. दोष थर्मोस्टॅटचा, नाव डीपीएफचं.

त्यानंतर डीपीएफच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर. इंजिन बंद, इग्निशन चालू: आकडा शून्याला चिकटून हवा. नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय. त्याच्या दोन रबरी नळ्या उष्णतेने चिरतात किंवा काजळीने बुजतात, त्या हातात घेऊन वाकवून बघा. आयडलला फरक अगदी थोडा, काही मिलिबार असतो आणि आरपीएम वाढवले की सावकाश चढतो. आयडललाच खूप वर असेल तर फिल्टर खरोखर बुजलाय.

मग काजळी जास्त का होतेय: ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय का (बंद अडकला किंवा वाट बुजली तर स्कॅनरवर पी ०४०१ कोड येतो), इंटरकूलरचा (टर्बोची हवा नेणारा) होज फाटलाय का (ओढ कमी, काळा धूर, पी ०२९९), नोझल गळतंय का. होजची चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या काठाशी असते. तिथे तेलकट ओल आणि चिकटलेली धूळ दिसली की समजा.

निवांत_ड्रायव्हर

डीपीएफ आतून रिकामा करून सॉफ्टवेअर बदलून देतात, तो मार्ग कायमचा नाही का?

काजळी

नाही. अनेक देशांत ते बेकायदा आहे, तपासणीत गाडी नापास होते. बारीक काजळी फुप्फुसात खोलवर जाते आणि ही घरातल्या मुलांना घेऊन फिरायची गाडी आहे. शिवाय थर्मोस्टॅट, होज, नोझल यांतला जो दोष काजळी करत होता तो जसाच्या तसा राहतो, फक्त सांगणारा दिवा जातो. कृपया कुणालाही हे सुचवू नका.

निवांत_ड्रायव्हर

ठीक, शब्द मागे घेतो. धुराचा मुद्दा पटला.

खडखडाट

चौथी तक्रार. बारीक खड्ड्यांवर टकटक आणि मोठ्यावर शांत, याचा पहिला संशयित स्टॅबिलायझरची लिंक (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या बारचा छोटा दांडा), शॉकअप नव्हे. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार वळत नाही, म्हणून लिंकवर भारच येत नाही. एकेक चाक वेगळं हललं की लिंकच्या बॉल जॉइंटमधली मोकळीक टकटकते.

तपासायची सोपी पद्धत: चारही चाकं जमिनीवर, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं, इंजिन बंद. चाकाच्या मागे हात घालून लिंकच्या जॉइंटवर बोटं ठेवा आणि दुसऱ्याला गाडी डावी-उजवीकडे हलवायला सांगा. खिळखिळ बोटांना लगेच लागते, कानांपेक्षा बोटं इथे भरवशाची.

तिथे काही नसेल तर हळू चालवताना त्याच खराब रस्त्यावर डाव्या पायाने नव्हे, नेहमीच्याच पायाने ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा. आवाज गेला तर तो सस्पेन्शनचा नाहीच, कॅलिपरच्या गाईड पिन किंवा पॅडच्या क्लिपा खडखडताहेत. आवाज राहिला तर लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट पहारीने हलवून बघा. मागच्या मोठ्या बुशच्या रबराला आरपार चीर असेल तर ब्रेक मारताना गाडी किंचित बाजूला सरकल्यासारखीही वाटते. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टंण’ करून सुटत असेल तर वरचं स्ट्रट माउंट किंवा त्याचं बेअरिंग.

शॉकअपवर नुसता धुळीचा ओलसर थर असेल तर तो बाद नाही. तेल ओघळत खाली आलं असेल तर बाद. आणि बदलाल तेव्हा एका ॲक्सलचे दोन्ही बदला.

एक चूक फार होते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असताना घट्ट करतात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, वजन चाकांवर आलं की मगच टॉर्क रेंचने शेवटचा पीळ द्या. आणि गाडीखाली जायचं तर घोडी (आधाराचा स्टँड) लावूनच. नुसत्या जॅकवर कधीही नाही.

नवा_चालक

खडखडाट, ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, तेही याच यादीतलं का?

खडखडाट

ब्रेक न लावता थरथर असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग टायरचा फुगवटा आणि वाकलेली रिम. फक्त ब्रेक लावल्यावर असेल तर डिस्क. डिस्क ‘वाकडी’ झाली म्हणतात, पण बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दीड-दोन पट फरकही पायाला आणि हाताला कळतो. याचं मूळ पुष्कळदा हबवरच्या गंजात असतं. डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत केला नाही तर नवी डिस्कही काही हजार किमीत तीच तक्रार घेऊन येते. चाकाचे नट क्रॉसमध्ये आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट करा, आणि ५०-१०० किमीनंतर एकदा पुन्हा तपासा.

गिअरबॉक्स_गप्पा

चारचाकी ओढीचा उल्लेख झाला म्हणून टायरबद्दल. अशा गाडीत दोनच टायर नवे टाकून दोन झिजलेले ठेवले तर पुढच्या आणि मागच्या चाकांचा परीघ वेगळा होतो आणि मधला क्लच, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारं कपलिंग, सतत घसरत, तापत राहतो. नक्षीच्या खोलीतला फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवा, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. कोरड्या रस्त्यावर पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना गाडी अडखळत असेल, कुणीतरी मागे ओढतंय असं वाटत असेल, तर त्या कपलिंगचं ऑईल आधी बदला. ते मागच्या डिफरन्शियलच्या ऑईलपेक्षा बऱ्याचदा वेगळं असतं, त्याचा बोल्टही वेगळा.

ऑटोमॅटिकचं ऑईल ‘आयुष्यभराचं’ या शब्दावर माझा विश्वास नाही. ६०-८० हजार किमीला बदललेलं बरं. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी आणि ऑईल ठरावीक तापमानाला असताना. बऱ्याच गिअरबॉक्सना हे तापमान ४० अंशांच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ओव्हरफ्लो बोल्टमधून धार तुटून थेंब पडू लागला की पातळी बरोबर. गरमागरम ऑईलवर पातळी लावली तर थंडीत ते कमी भरतं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके येतात.

तांब्याची_तार

तिसऱ्या तक्रारीवर परत येतो, कारण मोटर बदलून काहीच होणार नाही असं मला लक्षणांवरूनच वाटतंय. लॉक, वायपर, कॅमेरा ही उपकरणं आणि त्यांचे फ्यूज वेगळे. सामाईक आहे ती वाट. या सगळ्यांच्या तारा छत आणि डिकीच्या दारामधल्या रबरी नळीतून जातात आणि दार उघडलं-मिटलं की तिथेच वाकतात. हजारो वेळा वाकून तांबं आत तुटतं, वरचं आवरण तसंच राहतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

रबरी नळीची दोन्ही टोकं खोबणीतून सोडवून सरकवा. एकेक तार दोन चिमटींत धरून हलकेच ताणा. धड तार ताणत नाही. आत तुटलेली तार रबरासारखी लांबते, कधी ताणताच आवरण फाटून हिरवं पडलेलं तांबं बाहेर येतं. सगळ्यात आधी बघा ती जाड अर्थची तार, बहुधा तपकिरी किंवा काळी. ती तुटली की करंट परतीची वाट दुसऱ्या उपकरणांतून शोधतो, म्हणून बटण दाबलं की दुसराच दिवा मिणमिणतो.

दुरुस्ती करताना जुनी तार जोडून टेप गुंडाळू नका. वाकणारा पूर्ण भाग काढून टाका आणि तिथे तेवढ्याच जाडीची सिलिकॉन आवरणाची बारीक पिळाची तार घाला. सांधे वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, एक छतात आणि एक दारात. सगळे सांधे एकाच रेषेत आले तर गाठ होते आणि रबरी नळीत शिरत नाही, म्हणून दोन-दोन सेंटीमीटर पुढेमागे ठेवा. क्रिम्प चांगला. सोल्डर केलंत तर ते तारेत चढून ती कडक होते आणि काठावर पुन्हा तुटते, म्हणून वाकणाऱ्या जागी सोल्डर मुळीच नको. वर चिकट अस्तराची हीटश्रिंक. कॅमेऱ्याची जाळीदार कवच असलेली केबल मात्र अशी जोडता येत नाही, ती पूर्ण बदलावी लागते.

नवा_चालक

सनरूफ असलेल्या गाडीत पायाखालचा गालिचा ओला होतो, ते एसीचं पाणी की पावसाचं?

मल्टीमीटर

फक्त एसी लावल्यावर आणि पुढेच ओल येत असेल तर इव्हॅपोरेटरची ड्रेन नळी बुजलीय. एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडत नसतील तर खात्रीच समजा. पावसात किंवा धुतल्यावर येत असेल तर सनरूफच्या नळ्या. सहसा चार असतात, चौकटीच्या चार कोपऱ्यांत. कोपऱ्यात थोडं पाणी ओता, चाकाजवळ खाली बाहेर पडतंय का बघा. साफ करायला गोल टोकाची लवचिक नायलॉन दोरी घाला. हवेचा जोराचा झोत मारू नका, नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग पाणी थेट छताच्या अस्तरात.

दुर्लक्ष करू नका म्हणतो ते वासामुळे नाही. पुष्कळ गाड्यांत गालिच्याखाली कनेक्टर आणि मॉड्यूल असतात. वरून गालिचा सुकतो, खालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो आणि पिना हिरव्या पडतात. मग ज्याचा पाण्याशी काही संबंध नाही असं वाटणारं काहीतरी बंद पडतं.

पाना_बारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजमापं घेतली, जशीच्या तशी देतो.

सकाळी बॅटरी १२.४. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवर १०.४. पॉझिटिव्ह बाजूची घट ०.३. निगेटिव्ह खुंट ते इंजिन ब्लॉक १.८ व्होल्ट. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर १४.४, बॅटरीवर १४.२. कूलंट वेगात ६८ अंश. डीपीएफचा सेन्सर इंजिन बंद असताना शून्य. डिकीच्या नळीत तपकिरी जाड तार रबरासारखी ताणली गेली. लिंक डावीकडची खिळखिळी.

मल्टीमीटर

१.८ मध्येच उत्तर आहे. आता त्याचे दोन तुकडे करा: निगेटिव्ह खुंट ते बॉडी, आणि बॉडी ते ब्लॉक.

पाना_बारा

खुंट ते बॉडी १.६. बॉडी ते ब्लॉक ०.२.

मल्टीमीटर

म्हणजे इंजिनची पट्टी ठीक, दोष बॅटरीतून बॉडीला जाणाऱ्या केबलमध्ये किंवा तिच्या बोल्टपाशी. सगळ्या मॉड्यूलचं अर्थिंग बॉडीवर आहे. बॅटरीवर १०.४ दिसत असले तरी मॉड्यूलना मिळतात १०.४ वजा १.६, म्हणजे ८.८. म्हणून तीन दिवे.

हे नजरेतून का सुटतं तेही बघा. सेल्फ साधारण २५० अँपिअर घेतो असं धरलं तर १.६ व्होल्टची घट म्हणजे सुमारे ६ मिलिओम. साध्या मीटरच्या ओम रेंजवर ही जोडणी शून्यच दाखवणार आणि तपासणारा ‘अर्थिंग उत्तम’ म्हणणार. भार असतानाच घट मोजायची ती यासाठी. आणि इंजिन चालू झालं की दिवे-ब्लोअरचा करंट अल्टरनेटरकडे इंजिनच्या पट्टीतूनच परततो, या केबलमधून फक्त बॅटरीत भरणारा करंट जातो. म्हणून तिथे फरक ०.२ च दिसला.

बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, बॉडीवरचा बोल्ट काढा, लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) दोन्ही बाजू आणि बॉडीचा धातू चमकेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून घट्ट करा. घट्ट केल्यानंतर वरून मेण किंवा ग्रीसचा थर, आधी नाही. बॅटरी जोडल्यावर स्टिअरिंगचा दिवा राहिला तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. काचांची आपोआप वर-खाली सोयही पुन्हा शिकवावी लागते.

पाना_बारा

ट्रेखालच्या बोल्टभोवती पांढरी-हिरवी पूड होती, लगच्या खाली बॉडीचा रंग फुगून सुटला होता. घासून बसवल्यावर घट ०.१ वर आली. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, निगेटिव्ह चिमटा बॉडीला लावून. सेल्फ एका झटक्यात घेते, तीनही दिवे लागत नाहीत. डिकीची तार बदलल्यावर वायपर आणि बटण सुरू झालं, कॅमेऱ्याचं लुकलुकणंही थांबलं. म्हणजे त्याची केबल शाबूत होती, अर्थच तुटलेला होता. लिंका दोन्ही बाजूंच्या घातल्या, टकटक बंद. बॅटरी, लॉकची मोटर आणि शॉकअप जुनेच आहेत.

थर्मोस्टॅट बदलला. कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्याच प्रकारचं, शुद्ध पाण्याबरोबर निम्मं-निम्मं, हवा काढून भरलं. आता ८८-९० वर स्थिर.

काजळी

छान झालं. आता एक सलग अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास करा, रीजन पूर्ण होऊ द्या. स्कॅनरने उभ्या गाडीत करायचं असेल तर उघड्यावर करा, एक्झॉस्टखाली वाळकं गवत किंवा कागद नको. मग दोन रीजनमधलं अंतर लिहून ठेवत जा. ते वाढत गेलं की फिल्टर धुण्याचा विषय संपला.

पण एक राहिलं. इतके दिवस रीजन अर्धवट सुटत होतं. उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक बघितली का? सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

पाना_बारा

आत्ताच बघितली. वरच्या खुणेच्या साधारण ८ मिमी वर आहे, आणि डिझेलचा वास येतोय.

काजळी

मग लांबचा प्रवास त्याच्यावर करू नका. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग आणि टर्बो दोन्हींना मारक, आणि पातळी फार वर गेली तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून बेफाम फिरू शकतं. आधी ऑईल आणि फिल्टर बदला. डीपीएफला चालणारं, कमी राखेचं ऑईलच घ्या, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल ती. रीजन त्यानंतर.

पाना_बारा

समजलं. आज ऑईल आणि फिल्टर बदलतो, उद्या सकाळी रीजनसाठी बाहेर काढतो.

काजळी

निघण्याआधी नव्या ऑईलची पातळी लिहून ठेवा. हजार किमीनंतर त्याच जागी, तशीच उभी करून पुन्हा बघा. वर चढली नसेल तर नोझलकडे बघायची गरज नाही. चढली तर नोझलची परतीच्या डिझेलची चाचणी लावू, इथेच आकडे टाका.